तुम्ही ते केलंत, की करायला सांगताय? : इंग्रजी वाक्यातला व्हॉइस आणि मूड सांभाळताना

माझ्या प्रबंधातल्या 'मटेरिअल्स अँड मेथड्स' या प्रकरणाचा पहिला मसुदा गाईडकडून परत आला, तेव्हा त्यात लाल खुणा फारशा नव्हत्या. मी खूश झाले. मग तिसऱ्या पानावर एका परिच्छेदाशेजारी पेन्सिलने लिहिलेला प्रश्न दिसला : "हे तुम्ही केलंत, की मला करायला सांगताय?"

तो परिच्छेद घोटीच्या आसपासच्या भातखाचरांमधून मातीचे नमुने कसे घेतले याबद्दल होता. मी लिहिलं होतं ते असं. (इंग्रजी वाक्यंही इथे देवनागरीतच देतेय. मोठ्याने वाचा; चूक डोळ्याआधी कानाला कळते.)

'द सॅम्पल्स वेअर कलेक्टेड फ्रॉम ट्वेल्व्ह फील्ड्स नियर घोटी. फर्स्ट रिमूव्ह द स्टबल अँड वी डग अ व्ही-शेप्ड पिट. द सॉइल शुड बी ड्राइड इन शेड अँड देन वी पास्ड इट थ्रू अ सिव्ह.'

यात स्पेलिंगची चूक नाही. प्रत्येक तुकडा सुटा घेतला तर व्याकरणाने बरोबर आहे. पण सलग वाचलं की डोकं गरगरतं. पहिलं वाक्य म्हणतं 'नमुने गोळा केले गेले'. दुसरं सुरुवातीला वाचणाऱ्याला हुकूम सोडतं, 'धसकटं काढा', आणि अर्ध्यातून 'आम्ही खड्डा खणला' म्हणतं. तिसरं सल्ला देतं, 'माती सावलीत वाळवली पाहिजे', आणि पुन्हा 'आम्ही'वर येतं. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की माती सावलीत वाळवली होती का. मी वाळवली होती. पण लिहिलं तसं नव्हतं.

संशोधनाच्या लेखनात ही नुसती भाषेची चूक राहत नाही. मेथड्सचा भाग म्हणजे तुम्ही काय केलं याची जबानी असते. दुसऱ्या कोणाला तोच प्रयोग करून पाहायचा असेल, तर त्याच्या हातात तेवढंच असतं. म्हणून आजचा लेख व्हॉइस आणि मूड यांवर. नियम तर आहेतच, पण आपण मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणारी मंडळी नेमकी कुठे घसरतो, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी दोन व्याख्या, थोडक्यात

व्हॉइस म्हणजे वाक्याचा सब्जेक्ट क्रिया करतोय की त्याच्यावर क्रिया होतेय. 'वी ड्राइड द सॉइल' हा ॲक्टिव्ह. 'द सॉइल वॉज ड्राइड' हा पॅसिव्ह.

मूड म्हणजे बोलणाऱ्याचा क्रियेकडे बघण्याचा पवित्रा. घडलं ते सांगतोय, हुकूम देतोय, की कल्पना, अट किंवा शिफारस मांडतोय? इंग्रजीत साधारण तीन मूड धरतात : इंडिकेटिव्ह, इम्परेटिव्ह आणि सबजंक्टिव्ह. आपल्या शाळेच्या व्याकरणात यालाच 'क्रियापदाचे अर्थ' म्हणतात, आणि ते चार आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. एमपीएससीची तयारी केलेल्यांना हे पाठच असेल. तीन आणि चार हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा अर्धा गोंधळ तिथूनच निघतो.

कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस नव्हे

दहावीला आपण सगळ्यांनी 'चेंज द व्हॉइस' केलंय. वाक्य उलटं करायचं, 'बाय' लावायचं, मार्क घ्यायचा. त्यातून दोन समजुती पक्क्या झाल्या. एक, ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह म्हणजे एकाच गोष्टीची दोन रूपं, कुठलंही वापरलं तरी चालतं. दोन, ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. दुसरी समजूत तर चक्क चुकीची आहे.

'मुलीने माती गोळा केली' हे वाक्य घ्या. 'केली' हे क्रियापद मातीप्रमाणे चालतं. मातीऐवजी 'नमुने' घाला, 'केले' होतं. मुलीच्या जागी मुलगा आणला तरी क्रियापद हलत नाही. म्हणजे हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीत याचं सरळ भाषांतर 'द गर्ल कलेक्टेड द सॉइल' असं होतं, म्हणजे ॲक्टिव्ह! 'पोलिसांनी चोराला पकडले' हा तर भावे प्रयोग, आणि इंग्रजीत तोही ॲक्टिव्ह. खरा पॅसिव्ह मराठीत 'माती गोळा केली गेली' असा होतो.

आपली प्रयोगाची कल्पना क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं यावर उभी आहे. इंग्रजीतला व्हॉइस सब्जेक्टच्या जागी कोण बसलंय यावर ठरतो. मोजपट्ट्याच वेगळ्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 चं आणि मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 चं. प्रयोगाची चर्चा मराठीत इतकी जुनी आहे. पण एका भाषेचा साचा दुसरीवर बसवू नये, एवढं आपण स्वतःच लक्षात ठेवायचं असतं.

याचा लेखनावर परिणाम काय होतो ते पाहा. आपण मनात म्हणतो, 'बारा शेतांतून नमुने घेतले, सावलीत वाळवले, चाळले.' यात 'आम्ही' कुठेच नाही, आणि मराठीला त्याची गरजही नाही. क्रियापद नमुन्यांशी जुळतंय, करणारा गृहीत आहे. आता हे इंग्रजीत न्यायचं तर इंग्रजी अडून बसते : सब्जेक्ट कोण ते सांगा. मग एका वाक्यात आपण 'सॅम्पल्स'ना बसवतो, दुसऱ्यात 'वी'ला. मनात वाक्य एकाच सुरात चाललेलं असतं, कागदावर मात्र व्हॉइस बेडकासारखा उड्या मारतो. तुम्हाला इंग्रजी येत नाही असं नाही. मराठीने जो निर्णय तुमच्याकडून कधी मागितलाच नव्हता, तो इंग्रजी दर वाक्याला मागते.

म्हणून पहिली सवय : परिच्छेद लिहायला घेण्याआधी ठरवा, या परिच्छेदाचा सब्जेक्ट कोण? 'वी' की 'सॅम्पल्स'? कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं तरी चालेल.

नमुने बांधावरून चालत आले

मराठीतलं '-ऊन' फार गुणी आहे. 'बांधावरून चालत जाऊन नमुने घेतले.' चालणारे आम्ही, घेणारे आम्ही. वाक्यात 'आम्ही' नसलो तरी '-ऊन' बरोबर करणाऱ्याला धरून राहतं. हेच इंग्रजीत आपण असं लिहितो :

'वॉकिंग अलाँग द बंड, द सॅम्पल्स वेअर कलेक्टेड.'

इंग्रजी वाचकाच्या कानाला 'वॉकिंग' लगेच पुढच्या सब्जेक्टला चिकटतं. म्हणजे नमुने स्वतःच्या पायांनी बांधावरून चालत आले. याला डँगलिंग पार्टिसिपल म्हणतात. मुळाशी तो व्हॉइसचाच प्रश्न आहे : पहिल्या तुकड्यात करणारा हवा होता, दुसऱ्यात तुम्ही पॅसिव्ह करून त्याला घालवून दिलंत.

उपाय दोन. करणाऱ्याला परत आणा : 'वॉकिंग अलाँग द बंड, वी कलेक्टेड द सॅम्पल्स.' किंवा पूर्ण वाक्य पॅसिव्हमध्ये ठेवून पहिला तुकडा बदला : 'द सॅम्पल्स वेअर कलेक्टेड अलाँग द बंड.' तसंच 'आफ्टर सिव्हिंग द सॉइल, इट वॉज स्टोअर्ड'ऐवजी 'द सॉइल वॉज सिव्ह्ड अँड स्टोअर्ड' लिहा. एका सब्जेक्टवर दोन क्रियापदं, दोन्ही पॅसिव्ह. वाक्य लहानही झालं.

एक कबुली. 'युझिंग' या शब्दाच्या बाबतीत विज्ञानाचं लेखन बरंच सैल आहे. 'द कार्बन वॉज एस्टिमेटेड युझिंग...' अशी वाक्यं चांगल्या जर्नल्समध्येही सर्रास दिसतात आणि कोणी अडवत नाही. पण वाक्याच्या सुरुवातीला 'युझिंग' आलं की सावध व्हा.

प्रोटोकॉलची भाषा प्रबंधात शिरते तेव्हा

माझ्या 'रिमूव्ह द स्टबल' आणि 'शुड बी ड्राइड'चा उगम नंतर सापडला. माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा याची शेतकऱ्यांसाठीची माहितीपत्रकं तुम्ही पाहिली असतील. त्यांची भाषा अशी असते : जमिनीवरचा काडीकचरा बाजूला करावा, व्ही आकाराचा खड्डा घ्यावा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी काढावी, ढीग करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकावेत. सगळा विध्यर्थ. प्रयोगशाळेतल्या इंग्रजी मॅन्युअलची भाषा इम्परेटिव्ह : 'वे', 'ॲड', 'स्वर्ल', 'टायट्रेट'. आपण दोन्ही समोर ठेवून लिहायला बसतो, आणि दोन्हींचे मूड आपल्या वाक्यात उतरतात.

सेंद्रिय कर्ब मोजायची वॉकली-ब्लॅक पद्धत घ्या. 1934 सालची ही पद्धत मातीवर काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी करावी लागते. मॅन्युअल म्हणतं : 1 ग्रॅम माती घ्या, 1 नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट 10 मिली घाला, हलवा, तीव्र सल्फ्युरिक ॲसिड 20 मिली घाला, 30 मिनिटं ठेवा, मग 200 मिली पाणी, फॉस्फोरिक ॲसिड, इंडिकेटर, आणि फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करा. मॅन्युअलला हेच शोभतं. ते भविष्यात करणाऱ्याशी बोलत असतं.

प्रबंध मागे वळून बोलतो. 'टेन मिलिलिटर्स ऑफ डायक्रोमेट वॉज ॲडेड', 'द फ्लास्क वॉज लेफ्ट फॉर थर्टी मिनिट्स'. इंडिकेटिव्ह, भूतकाळ. इथे 'शुड बी लेफ्ट फॉर थर्टी मिनिट्स' लिहिलंत तर परीक्षकाला कळणार काय? 30 मिनिटं ठेवायला हवं, हे पुस्तकातही आहे. तुम्ही किती ठेवलंत? त्या 30 मिनिटांत आत ऑक्सिडेशन होत असतं. वेळ कमी पडली तर आकडा बदलू शकतो. 'वॉज' आणि 'शुड बी' यांच्यातला फरक हा केलेल्या कामाचा आणि माहीत असलेल्या नियमाचा फरक आहे.

आणि खरं सांगायचं तर कधी कधी 'शुड बी' आपल्या हातून सहज येत नाही. आपल्यालाच आठवत नसतं की त्या दिवशी 30 मिनिटं ठेवलं की 20. मग नकळत आपण नियम लिहून मोकळे होतो. असं झालं तर भाषा दुरुस्त करण्याआधी प्रयोगाची वही उघडा. वहीत वेळ नसेल तर तो प्रयोग पुन्हा करा. व्याकरणाची चूक कधी कधी वहीतली रिकामी जागा दाखवते.

मेथड्समध्ये इम्परेटिव्ह चालतं कुठे? परिशिष्टात पायरीवार प्रोटोकॉल देत असाल तर जरूर चालतं. फक्त तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत इम्परेटिव्हच ठेवा. पाचवी पायरी 'ॲड' आणि सहावी 'द फ्लास्क इज देन कूल्ड' असं नको.

'असावा'चं भाषांतर 'शुड' नाही

मराठी विध्यर्थाला दोन तोंडं आहेत. 'शेतकऱ्याने माती तपासावी' यात कर्तव्य किंवा सल्ला आहे. 'तो आता घरी असावा' यात तर्क आहे. रूप एकच, '-ावा'. आता 'डिस्कशन'मध्ये आपल्याला म्हणायचं असतं : 'उतारावरच्या खाचरांत कर्ब वाहून गेला असावा.' आपण लिहितो, 'द कार्बन शुड बी वॉश्ड अवे.' इंग्रजी वाचकाला वाचायला मिळतं : कर्ब वाहून जायलाच हवा! तुमचा तर्क एकदम शिफारस झाला, तीही उलटी.

तर्क असेल तिथे 'मे हॅव बीन', 'माइट हॅव बीन', 'वॉज प्रॉबेब्ली'. सल्ला असेल तिथे 'शुड'. आपल्या मसुद्यात 'शुड' शोधा आणि प्रत्येकाला विचारा : तू 'पाहिजे' आहेस की 'असेल बहुतेक' आहेस?

याच कुटुंबातली दुसरी फसवी जागा म्हणजे 'सजेस्ट'. 'अवर रिझल्ट्स सजेस्ट दॅट द सॉइल इज ॲसिडिक' यात 'सजेस्ट' म्हणजे 'दर्शवतात'. पुढे साधं इंडिकेटिव्ह, 'इज'. 'वी सजेस्ट दॅट द सॉइल बी टेस्टेड एव्हरी इयर' यात 'सजेस्ट' म्हणजे 'सुचवतो'. पुढे सबजंक्टिव्ह, नुसतं 'बी'. रेकमेंड, प्रपोज, इट इज इसेन्शियल दॅट यांच्यामागेही हेच रूप येतं. म्हणून 'दॅट ईच फार्मर टेस्ट द सॉइल', 'टेस्ट्स' नव्हे. 'शुड टेस्ट' लिहिलं तरी चालतं, ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ते खूप दिसतं. पण एक धरा. 'इट इज इसेन्शियल दॅट द सॅम्पल बी ड्राइड अँड इज स्टोअर्ड इन अ जार' यात पहिला अर्धा सबजंक्टिव्ह आणि दुसरा इंडिकेटिव्ह झाला. 'बी ड्राइड अँड स्टोअर्ड' एवढं पुरे.

पाऊस पडला असता तर

'पाऊस वेळेवर पडला असता, तर आवणी जूनमध्येच झाली असती.' आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी ऐकू येणारं वाक्य. आवणी म्हणजे भाताची पुनर्लागवड, इतर भागांत लावणी म्हणतात ती. हा संकेतार्थ. यातली गंमत पाहा : दोन्ही अर्ध्यांत रूप एकाच जातीचं आहे, 'असता' आणि 'असती'. कान तसाच तयार झालाय. म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे एकच रूप घालतो :

'इफ इट वुड हॅव रेन्ड ऑन टाइम, द ट्रान्सप्लांटिंग वुड हॅव बीन डन इन जून.'

लिखित इंग्रजीत 'इफ'च्या अर्ध्यात 'वुड' येत नाही. 'इफ इट हॅड रेन्ड ऑन टाइम' बरोबर. 'वुड हॅव' फक्त परिणामाच्या अर्ध्यात. म्हणजे इथे सुसंगती ठेवायची तर दोन अर्ध्यांत वेगळी रूपं ठेवावी लागतात, आणि ती जोडीने येतात :

घडू शकणारी गोष्ट : 'इफ इट रेन्स... विल'.
कल्पना : 'इफ इट रेन्ड... वुड'.
न घडलेली भूतकाळातली गोष्ट : 'इफ इट हॅड रेन्ड... वुड हॅव'.

जोड्या फोडून मिसळल्या की वाचकाला कळत नाही की तुम्ही शक्यता सांगताय की न घडलेली गोष्ट. 'लिमिटेशन्स'च्या भागात हे फार येतं : नमुने जास्त घेतले असते तर... तिथे 'इफ मोअर सॅम्पल्स हॅड बीन कलेक्टेड' हेच प्रामाणिक रूप आहे. 'इफ मोअर सॅम्पल्स आर कलेक्टेड' म्हटलं की तुम्ही अजून घेणार आहात असं वाटतं.

मग व्हॉइस कधीच बदलायचा नाही?

बदलायचा. सुसंगती म्हणजे अख्खं प्रकरण एकाच व्हॉइसमध्ये कोंबणं नव्हे. तसं केलंत तर वाचणारा झोपेल.

माझा ठोकताळा असा : विषय टिकवण्यासाठी व्हॉइस बदलला तर तो बदल चांगला, विषय सुटला म्हणून बदलला तर वाईट. उदाहरण, 'द सीडलिंग्ज ग्रो इन द नर्सरी फॉर अबाउट फोर वीक्स अँड आर देन ट्रान्सप्लांटेड.' 'ग्रो' ॲक्टिव्ह, 'आर ट्रान्सप्लांटेड' पॅसिव्ह. तरी वाक्य सुरळीत जातं, कारण दोन्हींचा सब्जेक्ट रोपंच आहेत. उलट 'द सीडलिंग्ज ग्रो... अँड फार्मर्स ट्रान्सप्लांट देम' यात दोन्ही ॲक्टिव्ह असूनही नजर रोपांवरून शेतकऱ्यांवर गेली. कधी ते हवंही असेल. पण ते ठरवून करा.

भागागणिक बदलही रीतसर असतो. मेथड्समध्ये पॅसिव्ह शोभतो, कारण तिथे मातीचं काय झालं ते महत्त्वाचं. डिस्कशनमध्ये 'वी आर्ग्यू', 'वी थिंक' चांगलं, कारण मत तुमचं आहे. 'विज्ञानात मी-आम्ही चालत नाही' हे आपल्याकडे अजून सांगितलं जातं. पण नेचरची लेखकांसाठीची सूचना ॲक्टिव्ह व्हॉइसला पसंती देते, आणि 2019 च्या सातव्या आवृत्तीतलं एपीए स्वतःच्या कामासाठी प्रथमपुरुष वापरायला सांगतं. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा पेपर तर पहिल्याच शब्दात 'वी' म्हणतो. तुमच्या विद्यापीठाची किंवा गाईडची पद्धत वेगळी असेल तर ती पाळा. पण मग ती सगळीकडे पाळा. एका पानावर 'द रिसर्चर', दुसऱ्यावर 'द प्रेझेंट इन्व्हेस्टिगेटर', तिसऱ्यावर 'आय' असं झालं की प्रबंध तिघांनी मिळून लिहिल्यासारखा वाटतो.

पॅसिव्हच्या आड लपणं

मसुदा दुरुस्त करताना मला एक गोष्ट दिसली आणि ती आवडली नाही. जिथे काम नीट झालं होतं तिथे मी 'वी' लिहिलं होतं. जिथे मनात खुटखुट होती तिथे पॅसिव्ह. उदाहरणार्थ : 'टू सॅम्पल्स वेअर डिस्कार्डेड.'

का? कोणी? घडलं होतं असं : परतीच्या पावसात मी नमुने मोटरसायकलवरून आणत होते. दोन पिशव्यांच्या गाठी नीट बांधल्या नव्हत्या, पाणी आत गेलं, लेबलं पुसली गेली. कोणती पिशवी कोणत्या खाचरातली ते सांगता येईना. चूक माझी. पॅसिव्ह वाक्य खोटं नव्हतं, पण त्यात मी नव्हते आणि कारणही नव्हतं. वाचणाऱ्याला शंका यायला जागा होती की आकडे आवडले नाहीत म्हणून नमुने काढले की काय.

नंतर लिहिलं : 'वी डिस्कार्डेड टू सॅम्पल्स बिफोर ॲनालिसिस बिकॉज देअर लेबल्स हॅड बीन डॅमेज्ड बाय रेन.' थोडी लाज वाटली. पण तोंडी परीक्षेत या वाक्यावर प्रश्न आला तर उत्तर तिथेच लिहिलेलं असेल. डेटा वगळणं, निकष बदलणं, मत मांडणं या तीन जागी करणाऱ्याचं नाव घ्या. पात्र धुतलं, माती चाळली, तिथे पॅसिव्ह खुशाल वापरा.

सिमिलॅरिटी कमी करायला व्हॉइस फिरवू नका

हे लिहायचं की नाही असा विचार करत होते, पण सगळ्यांना माहीत आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तो आकडा गाठायला 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर'मध्ये लोक दुसऱ्याचं वाक्य घेतात आणि ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करतात, किंवा पॅराफ्रेजिंगच्या टूलला करायला लावतात. दहावीचं 'चेंज द व्हॉइस' असं कामाला येतं.

परिणाम असा की प्रकरणात एक वाक्य ॲक्टिव्ह, एक पॅसिव्ह, एक कशातच नाही. कोणी काय शोधलं हेच धूसर होतं. 'इट वॉज फाउंड दॅट...' कोणाला सापडलं? आधीच्या संशोधकाला की तुम्हाला? शिवाय व्हॉइस बदलला म्हणून विचार तुमचा होत नाही. तो उसनाच राहतो. पेपर वाचा, बंद करा, त्यात काय आहे ते मराठीत एखाद्या मित्राला सांगा, आणि मग इंग्रजीत लिहा. शब्द आपोआप तुमचे येतात. संदर्भ मात्र द्यायचाच.

मसुदा तपासायची माझी पद्धत

एकदाच सगळं बघू नका. चार फेऱ्या करा.

1. पहिल्या फेरीत फक्त सब्जेक्टखाली रेघ मारा. एका परिच्छेदात तीनपेक्षा जास्त वेगळे सब्जेक्ट दिसले तर थांबा. ते हवेत का, ते ठरवा.

2. दुसऱ्या फेरीत क्रियापदांवर खूण करा : ॲक्टिव्हला 'अ', पॅसिव्हला 'प'. एकाच वाक्यात 'अ' आणि 'प' दोन्ही असतील तर सब्जेक्ट तोच आहे का बघा. तोच असेल तर सोडून द्या.

3. तिसऱ्या फेरीत 'शुड', 'मस्ट', 'इफ', 'सजेस्ट' आणि 'रेकमेंड' शोधा. संगणकावर कंट्रोल-एफ दाबलं की झालं. प्रत्येक ठिकाणी विचारा : घडलं ते सांगतेय, सल्ला देतेय, की तर्क करतेय?

4. चौथ्या फेरीत मेथड्सचं प्रत्येक वाक्य प्रयोगाच्या वहीशी ताडून पाहा. वहीत नसलेलं वाक्य एक तर वहीत शोधा, नाही तर काढा.

आणि सुरुवातीच्या त्या परिच्छेदाचं काय झालं? आता तो असा आहे :

'सॉइल सॅम्पल्स वेअर कलेक्टेड फ्रॉम ट्वेल्व्ह पॅडी फील्ड्स नियर घोटी आफ्टर द हार्व्हेस्ट. ॲट ईच पॉइंट, द स्टबल वॉज रिमूव्ह्ड अँड अ व्ही-शेप्ड पिट वॉज डग टु अ डेप्थ ऑफ फिफ्टीन सेंटिमीटर्स. द सॉइल वॉज ड्राइड इन शेड अँड पास्ड थ्रू अ टू-मिलिमीटर सिव्ह.'

काही भारी इंग्रजी नाही. सगळं इंडिकेटिव्ह, भूतकाळ, पॅसिव्ह. क्रमाने घडलं तसं. 'आफ्टर द हार्व्हेस्ट' आणि खोलीचा आकडा पहिल्या मसुद्यात नव्हते, ते वही उघडल्यावर आले. गाईडनी या वेळी शेजारी काहीच लिहिलं नाही. एवढ्यावर मी समाधानी आहे.

आज तुमच्या स्वतःच्या मसुद्यातला एकच परिच्छेद घ्या, मेथड्समधलाच घ्या, आणि त्याच्यावर या चार फेऱ्या करून बघा. प्रत्येक वाक्यापुढे माझ्या गाईडचा प्रश्न ठेवा : हे तुम्ही केलंत, की करायला सांगताय?